दोन पानं एकदम

३ मार्च

पोचले. सामान शाबूत, व्हायोलिनच्या पेटीवर एक ओरखडाही नाही. भावोजी न्यायला आले होते. पेटी घ्यायला त्यांनी हात पुढे केला, मी दिली नाही. तेव्हा म्हणाले, तुझी ताई निदान पियानो काखेत मारून तरी हिंडत नव्हती. दोघंही हसलो. ताई गेल्याला वर्ष झालं. त्यानंतर आम्ही एकत्र हसलो ते आजच.

घर छान आहे. खाली भावोजींचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर तीन खोल्या. जिन्यात सरसाचा वास येतो. दोन तासांत तो येईनासा होतो, असं भावोजी म्हणाले आणि तसंच झालं. मला ताईची खोली दिली आहे. भिंतीला टेकून पियानो, झाकण बंद. खिडकीपाशी टेबल, त्यावर नवीन दिवा आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली. पेन्सिली मिरीने ठेवल्या. मिरी म्हणजे भाची. वय वीस, चणीने लहान, जिभेने तिखट. कवळ्या बनवायचं शिकते. आल्या आल्या तिने माझा जबडा चाचपला आणि सांगितलं की मावशी, व्हायोलिन धरून धरून तुझी डावी बाजू झिजली आहे, म्हातारपणी माझ्याकडेच ये, घरच्या माणसाला सूट नाही.

ही वही भावोजींनी बांधून दिली. पाठ इतकी घट्ट शिवली आहे की पान सुटायचं नाही.

ताई असताना मी इथे कधी राहिले नाही. येते येते म्हणत राहिले.

४ मार्च

काम असं आहे. पियानोसाठी लिहिलेली एक मोठी रचना, एक साधी चाल आणि तिची चोवीस रूपं. ती एकट्या व्हायोलिनवर वाजेल अशी उतरवायची. प्रकाशकाने दोन महिने दिले आहेत. छापील पुस्तकात पहिल्या पानावर ताईचं नाव येईल, तिच्या स्मरणार्थ. हे मीच सुचवलं.

दहा बोटांचं काम चार तारांवर आणायचं. गज एका वेळी दोन तारांवर नीट टेकतो, तिसरी ओझरती लागते. म्हणजे हे लिहिण्याचं काम कमी आणि गाळण्याचं जास्त. आमचे मास्तर म्हणायचे, गाळायला अक्कल लागते, लिहायला शाई पुरते. त्यांचा एक नियम मी आजही पाळते. जो सूर गाळायचा तो दुसऱ्या वहीत लिहून ठेवायचा. न लिहिता गाळला तर ती चोरी. आणि गाळायचा असा की आधीच्या आणि नंतरच्या सुरांतून ऐकणाऱ्याला तो ऐकू यावा. मैफल संपल्यावर लोकांनी शपथेवर सांगितलं पाहिजे की आम्ही तो ऐकला.

आज मूळ चाल उतरवली. एकवीस सूर गाळले. मिरी दारात उभी राहून ऐकत होती. तिला काही कमी वाटलं नाही.

८ मार्च

सहा रूपं झाली. हात चालतो आहे. सकाळी नऊ ते एक काम, मग जेवण, मग पुन्हा दोन तास. जेवताना भावोजी दुकानातल्या गमती सांगतात. एका वकिलाने स्वतःच्या कवितांचं पुस्तक कातड्यात बांधायला दिलं आणि कातडं कवितांपेक्षा टिकेल का असं विचारलं. भावोजींनी त्याला सांगितलं की त्याची काळजी करू नका.

प्रकाशकाने रचनेची नवी प्रत पाठवली आहे, पण आज भावोजींनी ताईची जुनी प्रत आणून दिली. पुठ्ठा नवा, पानं तीच. तिच्या खुणांचा तुला उपयोग होईल, म्हणाले. मी आभार मानले. ओळखली मी ती प्रत. प्रत्येक उजव्या पानाचा वरचा कोपरा ताईने किंचित मुडपलेला आहे. पान उलटणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

पान उलटणारी मी होते.

१२ मार्च

बारा रूपं. काम मंदावलं.

आज भावोजी चहा घेऊन वर आले तेव्हा जुनी प्रत टेबलावर मिटलेली होती. त्यांनी ती चाळली आणि मधेच थांबले. म्हणाले, चौतीस-पस्तीस तुला उघडता येणार नाही. दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत, मधला मजकूर आतच राहतो. बांधायला घेतली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. सरस नव्हे, खळ नव्हे, राळ. राळ काय, स्पिरिटचा बोळा फिरवला की दोन मिनिटांत सुटते. पण ताई नको म्हणाली. असू दे, म्हणाली.

मी विचारलं, का. ते म्हणाले, मी विचारलं नाही. एखादी बाई असू दे म्हणाली की असू द्यावं, एवढ्यावर आमचा संसार वीस वर्षं चालला.

मग जाता जाता म्हणाले, की दुपारी दार लावून ती एकच तुकडा वाजवायची. रोज. मंचावर ती पुन्हा गेली नाही, मुलांना शिकवायची तेही थोडंच, पण हा तुकडा एक दिवस चुकवला नाही. कुठला, ते त्यांना सांगता येईना. त्यांना सुरांतलं कळत नाही.

चौतीस-पस्तीसवर सतरावं रूप आहे.

१५ मार्च

इथे लिहिते. दुसरं कोण वाचणार आहे.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ताई संगीताच्या एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचली होती. मी पहिल्याच फेरीत बाद होऊन घरी आले होते. आदल्या दिवशी पाहुणे जमले होते आणि ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की हिच्यासारखं पान कोणी उलटत नाही. प्रेमाने म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी राळेचा खडा, जो आम्ही गजाला लावतो, मी दिव्याच्या काचेवर मऊ केला. तेहतिसाव्या पानाच्या मागच्या कडेला बोटाने लावला. पुढचं पान त्यावर दाबून धरलं. मनात शंभर मोजले. एवढंच. दहा मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या डाव्या बाजूला बसले. सोळावं रूप संपत आलं, उठले, पान उलटलं. दोन उलटली. डोळ्यांसमोर अठरावं, हातात सतरावं. तिने दोन सूर वाजवले आणि थांबली. हात मांडीवर घेतले. वाट पाहत असल्यासारखी बसली. मी उलटलेलं पान परत फिरवून ती कड सोडवू शकले असते. मी खाली बसले. मग ती उठून आत गेली.

घरी सगळे म्हणाले, ऐन वेळी विसरली. ती काही बोलली नाही. कधीच बोलली नाही. पानं तशीच ठेवली. म्हणजे तिला माहीत होतं. राळ आमच्या घरात एकीच्याच पेटीत असायची.

१६ मार्च

सोळावं रूप पूर्ण झालं. प्रकाशकाच्या संपादकांना पत्र टाकलं की सतरावं व्हायोलिनच्या स्वभावाला मानवत नाही, सबब गाळत आहे. तेवीस रूपंही चालतील. अशी उदाहरणं आहेत.

हे गाळलेल्या सुरांच्या वहीत लिहिलं नाही. सबंध रूप कुठे लिहीत बसू.

१८ मार्च

सकाळी पहिल्यापासून अठरापर्यंत सलग वाजवून पाहिलं. सोळा संपलं, लगेच अठरा सुरू केलं. मधली जागा जाणवत नाही, उलट बरी वाटते.

जेवताना मिरीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, मावशी, बाकीचं ठीक आहे, पण सोळाव्यानंतरचं जे होतं ना, ते ऐकून मी कवळीचा साचा हातात धरून तशीच बसून राहिले, प्लास्टर वाळून गेलं. आईचंच होतं ते, असं म्हणाली. दुपारचं.

मी म्हटलं, ते अठरावं. ती म्हणाली, अठरावं धावतं, मला काय कळत नाही का. हे हळू होतं. मी भावोजींकडे पाहिलं. ते ताटात बघत होते. त्यांचे डोळे ओले होते.

मास्तर असते तर शाबासकी दिली असती. न वाजवलेलं ऐकू आलं.

१९ मार्च

पुन्हा वाजवलं. या वेळी टेबलावर घड्याळ ठेवून. सोळा संपलं तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं. अठराचा पहिला सूर लावला तेव्हा दहा सतरा. मधे मी गज उचललासुद्धा नव्हता. चहा गार झाला होता.

पाच मिनिटं. सतरावं रूप पाच मिनिटांचं आहे.

आणखी एक. अठराचा पहिला सूर लावण्याच्या क्षणी डाव्या बाजूला बारीक आवाज. बोटाला जीभ लावल्याचा. मग कागदाचा. माझ्यासमोर कागद नव्हता, मी पाठ वाजवत होते.

२२ मार्च

वर एकवीस लिहिलं होतं, खोडलं. मिरी म्हणते बावीस. दुकानातल्या कॅलेंडरवरही बावीस. परवाचं आठवतं, वीस तारखेला एकोणिसावं रूप उतरवलं. कालचं काही आठवत नाही. मिरीला सहज विचारलं, काल मी काय केलं. म्हणाली, विशेष नाही, आपण पडदे धुतले, तू हसत होतीस.

खिडकीला धुतलेले पडदे आहेत.

२३ मार्च

ठरवलं की आधी सतरावं उतरवायचं. जे आहे ते आहे. नव्या प्रतीत चौतिसावं पान स्वच्छ छापलेलं आहे, पाहिलं. पेन्सिल घेतली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

दुपार झाली होती. बोट छत्तिसाव्या पानावर. पेन्सिल अर्धी झिजलेली.

ज्या वहीत मी रूपं उतरवते, तिच्यात सोळाव्यानंतरची दोन पानं चिकटली आहेत.

२४ मार्च

दुकानातून स्पिरिट आणलं. भावोजींनी बाटली देताना काही विचारलं नाही, फक्त म्हणाले की घासू नकोस, टेकव. ताईची प्रत आणि माझी वही दोन्ही टेबलावर घेतल्या. बोळा भिजवला.

आता बोळा कोरडा आहे. खोलीत वास आहे. पानं चिकटलेली आहेत. कोणीतरी ती उघडून पाहिली आणि पुन्हा मिटली, असं वाटतं. ते कोणीतरी मीच असणार. हाताला राळ आहे.

२५ मार्च

भावोजींना सांगणार. उद्या सकाळी चहाच्या वेळी, मिरीसमोरच. तोंडपाठ करून ठेवलं आहे. भावोजी, ती विसरली नव्हती. पानं मी चिकटवली. एवढी दोनच वाक्यं. त्यावर ते जे बोलतील ते ऐकून घेणार. हाकलून दिलं तर जाणार. बावीस वर्षं झाली, दोन वाक्यं.

ते काय बोलतील, एवढंच आता मला ऐकायचं आहे.

२८ मार्च

चहाचा कप हातात घेतला होता. म्हटलं, भावोजी.

नंतर एकदम ही खोली. अठ्ठावीस तारीख. माझ्या मुठीत भावोजींचा रुमाल, चुरगळलेला. डोळे सुजलेले. घसा बसलेला, खूप बोलल्यावर बसतो तसा.

म्हणजे सांगितलं.

मी सांगितलं आणि मी तिथे नव्हते.

या वहीतही मधली दोन पानं चिकटली आहेत. खिडकीशी धरली की आत अक्षर दिसतं. माझंच आहे. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या, एक शब्द लागत नाही.

२९ मार्च

मिरी मला अहो-जाहो करते आहे. तुमचा चहा ठेवलाय, म्हणाली. भांडून झालं असतं तर बरं. पण सकाळी टेबलावर नव्या सहा पेन्सिली होत्या, टोक केलेल्या. याचा अर्थ काय लावायचा.

भावोजी खाली आहेत. ठोकण्याचा आवाज येतो. नेहमीसारखाच.

मिरीला विचारलं. बाबा काय म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चेष्टा करते आहे. म्हणाली, तुम्ही समोर होतात. तुमचा हात त्यांच्या हातात होता. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, बाबा असलं एकदाच बोलतात, आणि ते मी माझ्या तोंडाने परत नाही बोलणार. हात हातात होता. हात रागानेही धरतात.

२ एप्रिल

संपादकांचं पत्र. संहिता मिळाली, चोवीसही रूपं. सतरावं गाळण्याचा विचार बदललात हे फार चांगलं झालं, सगळ्यांत उत्तम तेच उतरलं आहे.

मी पाठवल्याचं आठवत नाही. ते कसं उतरलं आहे मला माहीत नाही. माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम आणि ते मी—

६ एप्रिल

मिरी पुन्हा अगं-तुगं करते. आज हसली. तिच्या मनात मधे काहीतरी मिटलं. कधी? मी काय केलं त्यासाठी?

माझं सगळं चांगलं आणि सगळं वाईट पलीकडे होतं आहे. मला मिळतात ती फक्त आधीची आणि नंतरची पानं. गार चहा, ओला रुमाल.

९ एप्रिल

तो आवाज. जिभेचा, बोटाचा. आता रोज. प्रत्येक वेळी डावीकडून. मी ताई, ताई म्हणत होते. काल तर मोठ्याने म्हटलं, पुरे ना गं ताई.

आज लक्षात आलं. ताईने बोटाला कधी जीभ लावली नाही. पानं खराब होतात म्हणून ती ओरडायची. मला ओरडायची.

ती सवय माझी.

१० एप्रिल

एकोणीस वर्षांची आहे ती, तेव्हा मी होते तशी. केस घट्ट बांधलेले. पाहिलं नाही. माहीत आहे. हात पुढे घेऊन, अर्धी उठून, वाट बघते आहे. तिला थांबव म्हणून कोणाला सांगू. हिच्यासारखं पान कोणी—

१३ एप्रिल

भावोजींच्या पाया पडले. त्यांनी उठवलं. पुन्हा एकदा सांगा म्हटलं, एकदाच, मी लिहून घेते. ते म्हणाले, अगं, तू वेडी आहेस का, दोनदा सांगून झालं. दोनदा. मला एकही—

मग त्यांनी हाताचा सरस फडक्याला पुसला. म्हणाले, बरं. दुपारी वर येतो.

१३ एप्रिल, दुपार

आले आहेत. पियानोच्या स्टुलावर बसले आहेत. मी लिहीत असतानाच बोला, म्हटलं. पेन उचलणार नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने पानाचा कोपरा दाबून धरला आहे. सगळी ताकद लावली आहे. या पानावर अजून अर्धी जागा आहे. पुरेल.

भावोजी म्हणतात, माझ्याकडे बघ. बघत नाही. लिहिते.

म्हणतात, मी काय म्हणालो ते राहू दे. ती काय म्हणाली ते महत्त्वाचं. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होती. प्रत मागून घेतली. त्या पानांवर हात ठेवला. मला म्हणाली, कधीतरी ती येईल आणि हे तुम्हाला सांगेल. स्वतःहून सांगेल. त्याआधी तुम्ही विचारू नका.

अंगठा दुखतो आहे. कोपरा ओला लागतो, जीभ लावलेलं बोट टेकल्यासारखा.

म्हणाली, आणि तिने हे सांगितल्यावर तिला माझा एवढा निरोप द्या. तिला म्हणावं, ताईने